वीर्यनाशाचे भय आणि चळवळीचे मौन

नगर-मनमाड रस्त्यावरचे राहुरी हे गाव महाराष्ट्राच्या ग्रामीण परिवर्तनाचा एक नमुना म्हणून दाखविले जाते, आणि ते अयोग्य नाही. मुळा धरणाचे पाणी आले, ऊस आला, सहकारी साखर कारखाना आला, आणि १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे बियाणे, माती आणि जनावरांची पैदास यांविषयीचे शास्त्रीय ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. पेरणीपूर्वी मातीची परीक्षा करावी, बियाणे प्रमाणित आहे की नाही ते पाहून घ्यावे, ऐकीव गोष्टीवर विसंबून खत टाकू नये, हा विचार या तालुक्यात आता कोणाला नवा वाटत नाही.

परंतु याच रस्त्याने, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही हमरस्त्याने, जाणाऱ्या माणसाला भिंतींवर दुसरीच एक शिकवण वाचायला मिळत आली आहे. धातू जाणे, स्वप्नदोष, बालपणातील चुका, शीघ्रपतन, नामर्दपणा हे शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेले असतात आणि खाली खात्रीच्या इलाजाचे आश्वासन असते. अलीकडे हा मजकूर भिंतीवरून उतरून तरुणांच्या हातातल्या मोबाइलमध्येही शिरला आहे. माती तपासल्याविना खत न टाकणारा शेतकऱ्याचा मुलगा स्वतःच्या शरीराविषयी मात्र कसलीही तपासणी न करता, कोणालाही न विचारता, भिंतीवरच्या वैद्यावर विश्वास ठेवतो. ही विसंगती केवळ त्या मुलाची नव्हे. ज्यांनी त्याला विचार करायला शिकवायचे, त्या सर्वांच्या मौनातून ती जन्मली आहे. आणि त्या मौनात पुरोगामी चळवळीचाही वाटा आहे.

शरीराचे साधे सत्य

या भयाचे मूळ एका समजुतीत आहे. वीर्य हे शरीराचे सार आहे, ते मोजकेच असते, त्याचा एक थेंब बनायला रक्ताचे चाळीस थेंब खर्ची पडतात, आणि म्हणून ते गेले की बळ, बुद्धी आणि आयुष्यही जाते, अशी ती समजूत आहे. शरीरशास्त्राला यातले काहीही मान्य नाही.

वीर्य रक्त आटवून तयार होत नाही. त्यातला बहुतांश द्रव शुक्राशयाच्या आणि पुरःस्थ ग्रंथीच्या स्रावांचा असतो. वृषणांत तयार होणाऱ्या शुक्रजंतूंचा वाटा अवघा शेकडा दोन ते पाच इतका असतो. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चमचाभर, असते. त्यातली प्रथिने आणि साखर मिळून एका अंड्याच्या पोषणाचा लहानसा अंशही भरत नाही. शुक्रजंतूंची निर्मिती वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत अखंड चालू असते. एक शुक्रजंतू पूर्ण तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि रोज कोट्यवधी तयार होतात. जे वापरले जात नाहीत ते शरीरातच विरून जातात किंवा झोपेत बाहेर पडतात. त्यांचा साठा करून ठेवण्याची सोय निसर्गाने केलेलीच नाही. साठवून शक्ती वाढविण्याची कल्पना म्हणूनच निराधार आहे.

झोपेत वीर्यस्खलन होणे हा दोष नव्हे. वयात येण्याचे ते एक लक्षण आहे. हस्तमैथुनाने दृष्टी जात नाही, स्मृती जात नाही, गाल बसत नाहीत, पुढे मूल होण्यास बाध येत नाही. स्खलनानंतर काही वेळ जी सुस्ती येते ती मेंदूतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे येते व थोड्या वेळाने ओसरते. लघवी कधी गढूळ दिसते ती बहुधा तिच्यातल्या क्षारांमुळे. शौचाला जोर करताना जो चिकट थेंब येतो तो बहुतेक वेळा ग्रंथींचा स्राव असतो. या दोन गोष्टींना ‘धातू जाणे’ म्हणून किती तरुणांनी किती पैसे घालविले असतील याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

राहुरी परिसरातल्या दूध उत्पादकाला याहून सोपा पुरावा ठाऊक आहे. कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय निर्माण केली. कृत्रिम रेतन आता गावोगाव चालते. रेतन केंद्रावरच्या वळूचे वीर्य साधारणतः आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे, घेतले जाते. त्याला चांगला चारा, पाणी, व्यायाम व पशुवैद्याची देखभाल मिळते, आणि तो धष्टपुष्ट राहतो. वळूविषयी जे सत्य गोठ्यात निःसंकोच बोलले जाते, तेच माणसाविषयी बोलताना घरातला बाप आणि शाळेतला गुरुजी यांची जीभ का अडखळते, हा खरा प्रश्न आहे.

भय आले कोठून

हे भय ‘आपल्या प्राचीन शास्त्रातले’ आहे असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आयुर्वेदाने रसापासून शुक्रापर्यंत सात धातूंची मांडणी केली आणि शुक्राला शेवटचे, म्हणून श्रेष्ठ, स्थान दिले. परंतु त्याच परंपरेतल्या चरकसंहितेने मल, मूत्र, शिंक, भूक, तहान, झोप यांच्या बरोबरीने शुक्राचा वेगही बळाने रोखू नये असे सांगितले आहे. वाजीकरण हे तर आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. भिंतीवरचा वैद्य या शास्त्रातले सोयीचे तेवढे उचलतो आणि उरलेले झाकून ठेवतो.

शिवाय हे भय एकट्या हिंदुस्थानचेही नाही. टिसो नावाच्या स्विस डॉक्टरने १७६० साली हस्तमैथुनाच्या भयंकर परिणामांविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर शंभर-दीडशे वर्षे युरोप-अमेरिकेतल्या शाळा, चर्च व दवाखाने त्या दहशतीखाली होते. एक औंस वीर्य गमावणे म्हणजे कित्येक औंस रक्त गमावणे, असा हिशेब तिकडेही मांडला जात होता. विज्ञानाच्या प्रगतीने तिकडचे वैद्यक त्यातून बाहेर पडले. आपल्याकडे मात्र देशी श्रद्धा आणि विलायती दहशत यांची सांगड पडली व तीवर एक मोठी बाजारपेठ उभी राहिली.

वैद्यकानेही या भयाची दखल निराळ्या रीतीने घेतली आहे. थकवा, छातीत धडधड, झोप न लागणे, कामात लक्ष नसणे या तक्रारी घेऊन येणारा आणि त्यांचे कारण ‘धातू जाणे’ असे सांगणारा तरुण रुग्ण भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या पूर्ण परिचयाचा आहे. डॉ. न. ना. विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगवर्गीकरणात त्याचा उल्लेख झाला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या तरुणाचा थकवा खोटा नसतो, त्याचे दुःखही खोटे नसते. खोटे असते ते कारण. वीर्य गेल्याने तो खंगलेला नसतो. वीर्य गेल्याच्या भयाने, अपराधाच्या भावनेने आणि कोणाजवळ बोलता न आल्याने तो खंगलेला असतो. म्हणून त्याची चेष्टा करणारा मित्र आणि त्याला लुटणारा भोंदू हे दोघेही त्याच्या दुखण्यात भरच घालतात.

कर्व्यांचा खटला

हे मौन मोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला नाही असे नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्या कार्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक स्वतःच्या पदराला खार लावून चालविले. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. नाव उघड करण्याचे ज्यांना धैर्य नव्हते अशा माणसांना आपले मन मोकळे करता येईल अशी मराठीतली ती जवळजवळ एकमेव जागा होती.

सरकारने १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला व त्यांना दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, आणि या वेळचा आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरच होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांसारख्या विषयांवर विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा अपराध. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या नेत्याच्या शिरावर त्या काळी एका संपूर्ण समाजाच्या मुक्तीचा भार होता, त्याला हे प्रकरण क्षुल्लक वाटले नाही. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांनी केला. कोर्टाला तो पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्या निकालाला आता नव्वदीहून अधिक वर्षे लोटली. उत्तर देणाऱ्याला दंड झाला. प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिले. उत्तर देणाऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा ती भिंतीवरच्या जाहिरातीने भरून काढली. २००७ साली तर महाराष्ट्रातल्या शाळांमधून किशोरवयीन मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घालण्यात आली. संस्कृतीच्या नावाने घातलेल्या त्या बंदीचा लाभ कोणाला झाला असेल, तर तो गुप्तरोगाच्या तंबूत बसलेल्या वैदूला.

किंमत कोण देतो

हा प्रश्न खासगी आहे, त्याचे राजकारण काय करायचे, असे काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांनी या भयाची किंमत कोण मोजतो ते पाहावे.

सुखवस्तू घरातल्या तरुणाला शहरातल्या तज्ज्ञाकडे जाता येते. ऊसतोडीच्या टोळीत आलेल्या मुलाला ते शक्य नसते. पहाटेपासून उसाच्या फडात, रात्री गाडी भरायला, खोपीत अपुरी झोप, पोटात भाकरी आणि तिखट, जोडीला तंबाखू, कधी दारू. अशा जिण्याने ज्याचे अंग मोडून येते, त्याला भिंत सांगते की तुझ्या अशक्तपणाचे कारण तुझेच पाप आहे. उचल, मुकादम, कोयत्याचा दर, रक्तातले कमी झालेले लोह या सर्वांची जबाबदारी त्या एका वाक्याने पुसली जाते. श्रमिकाच्या थकव्याचे कारण शोषणात न शोधता त्याच्याच चारित्र्यात शोधायला लावणे, याहून मालकवर्गाच्या सोयीचे तत्त्वज्ञान दुसरे कोणते?

आणि मग तो उपाय विकत घेतो. भस्म, चूर्ण, तेल, ‘चाळीस दिवसांचा कोर्स’. अशा बेनामी औषधांत शिसे, पारा, सोमल यांसारखे विषारी घटक, स्टेरॉइड, किंवा लिंगताठरतेसाठीची आधुनिक औषधे न सांगता मिसळलेली असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. यांतले काही मूत्रपिंड खराब करतात. हृदयविकाराची नायट्रेटवर्गीय औषधे घेणाऱ्याच्या जिवावर काही बेतू शकतात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय विषयक कायद्याने लैंगिक शक्ती वाढविण्याचा किंवा नपुंसकत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला बंदी घातली आहे व पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा अशा जाहिराती म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली हमदर्द दवाखाना प्रकरणात स्पष्ट केले. कायदा आहे, निकाल आहे. आणि भिंतीही रंगलेल्याच आहेत.

या भयाची सर्वांत मोठी किंमत मात्र पुरुष देत नाही, स्त्री देते. पुरुष नसबंदी ही शस्त्रक्रिया स्त्रीच्या नसबंदीहून सोपी व कमी धोक्याची. तिने वीर्याचे प्रमाण फारसे बदलत नाही, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटाच अल्प असतो. इच्छा, ताठरता, अंगातले बळ यांवर परिणाम होत नाही. तरीही ‘ताकद जाईल, काम होणार नाही’ या भयाने पुरुष मागे सरतो आणि बायकोला पुढे करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचे प्रमाण शेकडा ३७.९, तर पुरुष नसबंदीचे शेकडा ०.३ होते.

या भयाला आणीबाणीने खतपाणी घातले हे विसरता येत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या, आणि कित्येक सक्तीच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या जुलमाविरुद्ध समाजवादी कार्यकर्ते उभे राहिले, हे योग्यच झाले. परंतु सक्तीला विरोध करून काम संपले असे मानले गेले. सक्ती गेली, भय राहिले. आणि त्या भयाचे ओझे स्त्रीच्या ओटीपोटावर आले.

संयम आणि भय

येथे गांधीजींचे नाव पुढे केले जाईल. वीर्यसंचयातून शक्ती उत्पन्न होते असे गांधीजी मानीत. १९३५ च्या अखेरीस वर्ध्याला आलेल्या मार्गारेट सँगर यांच्याशी झालेल्या चर्चेतही त्यांनी कृत्रिम संततिनियमनाऐवजी संयमाचाच पुरस्कार केला. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. संयम हे जीवनमूल्य आहे. सार्वजनिक कार्यासाठी, सहचारिणीच्या सन्मानासाठी, कोणी ते स्वेच्छेने स्वीकारले तर त्याचा गौरवच आहे. परंतु वीर्याने अंगात बळ साठते हे शरीरशास्त्राचे विधान आहे, आणि त्याची परीक्षा थोरांच्या वचनाने होत नाही, प्रयोगाने होते. ज्यांनी स्वतःच्या जीवनाला सत्याचे प्रयोग म्हटले, त्यांच्या अनुयायांना हा भेद जड जाऊ नये. भयापोटी पाळलेला संयम हा संयमच नव्हे.

काय करता येईल

प्रारंभ चळवळीने स्वतःपासून करावा. युवक शिबिरांत, अभ्यासवर्गांत जातिव्यवस्थेवर, अर्थकारणावर व्याख्याने होतात. त्यांत एक सत्र शरीरविज्ञानाचे, पात्रता असलेल्या डॉक्टरांचे, ठेवावे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता, मागवावेत. पहिल्या चिठ्ठीला हसू फुटेल. दहाव्या चिठ्ठीपर्यंत सभा गंभीर झालेली असेल. शाळा-महाविद्यालयांत हेच व्हावे यासाठी पालकसभांत आग्रह धरावा.

तरुणाला सांगताना ‘काही होत नाही, विसरून जा’ एवढेच सांगून भागत नाही. लघवीला जळजळ, पू, लिंगावर जखम, वीर्यात रक्त, वृषणात गाठ, दीर्घकाळ न येणारी ताठरता, वर्षभर प्रयत्न करूनही मूल न होणे, या गोष्टींसाठी डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. ताठरतेची तक्रार ही कधी मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांची पहिली सूचना असते. शीघ्रपतनाची तक्रार सर्वसामान्य आहे आणि सल्ल्याने व उपचाराने ती बरी होऊ शकते. सतत थकवा असेल तर रक्तक्षय, क्षय, मधुमेह, थायरॉइड, खिन्नता यांची तपासणी व्हावी. मूल नसले की दोष बायकोचा, हे गृहीतही याच ठिकाणी मोडले पाहिजे. पुरुषाची तपासणी सोपी आहे आणि ती आधी व्हावी.

सरकारी आरोग्यव्यवस्थेकडेही मागणी केली पाहिजे. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यातून ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशक नेमले जातात की पदे रिकामी राहतात, याची चौकशी तालुका पातळीवर कार्यकर्ते करू शकतात. गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर भरणाऱ्या आरोग्य शिबिरात पुरुष मजुरांसाठी वेगळी, आडोशाची जागा मागता येईल. बेकायदा जाहिरातींची छायाचित्रे काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करणे तर एका दिवसाचे काम आहे.

यांत कोणतेही मोठे आंदोलन नाही, आणि वर्तमानपत्रांत नाव येण्याजोगे काही नाही. पण ज्या तरुणाला संघटनेत आणायचे, तो स्वतःच्या शरीराला भीत असेल, स्वतःला मनोमन पापी व दुबळा समजत असेल, तर तो मुकादमासमोर ताठ मानेने उभा कसा राहणार? १९३४ साली मुंबईच्या कोर्टात बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला, तो राहुरीच्या एस. टी. स्थानकाबाहेर, ऊसतोडीच्या तळावर आणि शिबिराच्या सत्रात पुन्हा मांडण्याची जबाबदारी आता कार्यकर्त्यांची आहे. ते गप्प राहिले तर भिंती बोलतच राहतील.